टोलेडो ग्रीन्सचं चूलबंद आवतण

‘इथे काहीच नाही हो,’ हे वाक्य माझी पत्नी प्रमोदिनी दिवसातून जितक्या वेळा म्हणते, तितक्या वेळा मी देवाचं नावसुद्धा घेत नाही. सकाळच्या चहाबरोबर एकदा, दुपारी वामकुक्षीच्या आधी एकदा, आणि संध्याकाळी गॅलरीत उभी राहून तर अगदी सुस्कारा टाकून.

वास्तविक आमच्या टोलेडो ग्रीन्समध्ये काय नाही? वडगाव मावळच्या अलीकडे, हायवेला लागून अठरा टॉवर आहेत. लिफ्ट आहेत, पोहण्याचा तलाव आहे, टेनिस कोर्ट आहे, क्लबहाऊस आहे. ब्रोशरमध्ये लिहिलं होतं की गॅलरीतून लोहगड दिसेल. दिसायचाही. मग समोर मोनाको रेसिडेन्सी उभी राहिली. आता मोनाको दिसतं. नारायण पेठेत आयुष्य काढलेल्या माणसाला बसल्या जागी मोनाको दिसावं, हे काही थोडं नाही. पण प्रमोदिनीला ते पटत नाही.

“हे गाव नाही, पार्किंग आहे,” ती म्हणते. “वरती माणसं ठेवलीत एवढंच. चार वर्षं झाली, शेजारच्या बाईचं नाव मला ठाऊक नाही. इथून उचलून हे अठरा टॉवर बंगळुरात नेऊन ठेवले तर कुणाला पत्ता लागेल का? या जागेला कॅरेक्टर नाही.”

आणि एक दिवस तिने निर्वाणीचंच सांगितलं. गुढीपाडव्यापर्यंत या जागेत तिला एक तरी अशी गोष्ट दाखवायची, जी दुसऱ्या कुठल्याही सोसायटीत नाही. नाहीतर फ्लॅट विकायचा आणि पुण्याला परत जायचं. ब्रोकरशी तिचं बोलणंही झालं होतं.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, जायचं परत. अहो, कसं जायचं? निघताना मी अख्ख्या पेठेला तोंड वर करून सांगून आलो होतो की बाबांनो, राहा या धुरात, आम्ही चाललो निसर्गाच्या कुशीत. माझा मेहुणा तर तेव्हापासून टपून बसलाय. टेम्पोतून आमचं कपाट उतरताना तो ओट्यावर उभा राहून नुसता हसेल, आणि ते हसू मला उरलेला जन्मभर पुरेल. तेव्हा कॅरेक्टर शोधणं भाग होतं.

मी कामाला लागलो. टेलिफोन खात्यात बत्तीस वर्षं काढलेला माणूस आहे मी, शोधाशोधीला घाबरत नाही. आधी शेजारच्या सार्थकला विचारलं. हा आयटीतला मुलगा घरूनच काम करतो आणि कचरा ठेवायला बाहेर आला की सापडतो. तो म्हणाला, “काका, सोप्पंय. सेल्फी पॉइंट करा. मोठ्या लाल अक्षरांत ‘आय लव्ह टोलेडो’.” मी म्हटलं, अरे, पण लव्ह करतंय कोण? तो म्हणाला, “ते नंतर बघू, आधी अक्षरं तर लावू.”

मग सेक्रेटरी राजेश्वरी मॅडमकडे गेलो. या बाई नियमाला इतक्या पक्क्या, की स्वतःच्या घरी पाहुणे आले तरी त्यांची नोंद झाल्याशिवाय त्यांना पाणी देत नसाव्यात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “कॅरेक्टर हवं असेल तर सर्वसाधारण सभेत ठराव मांडा. मेंटेनन्समध्ये ते बसत नाही.”

शेवटी ठरवलं, इतिहासच खणून काढावा. तालुक्याच्या कचेरीत गेलो. खिडकीतल्या गृहस्थांनी मान वर न करता विचारलं, “गट नंबर?”

“गट नंबर नकोय, मला इतिहास हवाय.”

“इतिहास गट नंबरानंच निघतो, साहेब.”

दोन खेपा घातल्या, गट नंबर मिळवला आणि इतिहास निघाला. तो होता: भात. त्याच्याआधी काय? भात. आमच्या पोहण्याच्या तलावाच्या जागी इंद्रायणी तांदूळ पिकायचा आणि क्लबहाऊसच्या जागी गवत. कुणी सरदार नाही, लढाई नाही, साधा एखादा तहसुद्धा नाही. माझा चेहरा बघून त्या गृहस्थांना दया आली असावी. म्हणाले, “निंबळवाडीच्या दत्तोबांना भेटा. ती जमीन त्यांचीच होती. म्हातारे बोलके आहेत.”

निंबळवाडी म्हणजे आमच्या मागच्या भिंतीपलीकडचं गाव. भिंतीला एक फाटक आहे, पण त्याला सुरक्षेच्या कारणास्तव पहिल्या दिवसापासून कुलूप. त्यामुळे भिंतीपलीकडे जायला आधी हायवे, मग पुलाखालून वळसा, मग कच्चा रस्ता. धापा टाकत पोचलो तर दत्तोबा अंगणात बसलेले. मी ओळख करून द्यायला तोंड उघडलं, तोच म्हणाले, “आमी वळकतो की तुमाला. रोज सकाळच्याला गॅलरीत बनेलवर उबं ऱ्हाता, त्येच ना तुमी?”

बत्तीस वर्षांची नोकरी, निवृत्तीच्या समारंभात मिळालेली शाल, आणि गावात आपली ओळख काय, तर बनेल. मी विषय बदलला.

पण माणूस लाख. त्यांच्या पत्नी सरुबाईंनी चहा दिला, वर गुळाची पोळी दिली, आणि नको म्हणत असताना दुसरी वाढली. गप्पा रंगल्या. आणि त्या रंगात माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कॅरेक्टर शोधत कशाला फिरायचं? ते भिंतीपलीकडे बसलंय! त्याला बोलवावं. ‘एक संध्याकाळ गावासोबत.’ क्लबहाऊसमध्ये गावची मंडळी, आपली मंडळी, चार आठवणी, थोडा अल्पोपहार, आणि माझं छोटंसं भाषण. इतर कुठल्या सोसायटीत आहे असं? प्रमोदिनीची अटच संपली.

मी लगेच आमंत्रण दिलं. आणि नुसतं ‘या’ म्हणणं कोरडं वाटलं म्हणून, या भागातल्या एका जुन्या सहकाऱ्याच्या तोंडी ऐकलेला शब्द वापरला. म्हटलं, “आबा, शनिवारी अख्ख्या वाडीला आमचं चूलबंद आवतण!”

दत्तोबांनी कप खाली ठेवला. “चूलबंद म्हंता?”

“चूलबंद!”

“समद्या वाडीला?”

“समद्या वाडीला!”

“बगा बरं का, सायेब.”

“आबा, शब्द म्हणजे शब्द.”

चूलबंद म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, घरातल्या झाडून सगळ्यांनी, आल्यागेल्या पाहुण्यांसकट, जेवायला यायचं. पण मी पडलो पेठेतला. आमच्याकडे ‘या एकदा जेवायला’ हे वाक्य ‘बरंय मग’च्या जागी वापरतात. ते ऐकून खरंच कुणी जेवायला आल्याचं आमच्या गल्लीत कुणाला आठवत नाही. शब्दाला शोभा यावी म्हणून शब्द वापरायचा, यात कोण कुणाची चूल विझवणार? मी साठ माणसांचा अल्पोपहार सांगितला. ढोकळा आणि कटलेट. शिवाय ‘परिसराची अस्मिता: काल, आज आणि उद्या’ या विषयावर पडद्यावर दाखवायला चाळीस चित्रं तयार केली.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं लोणावळ्याला चिक्की आणायला गेलो. पाहुण्यांना हातात काहीतरी द्यायला हवं, असं प्रमोदिनीचं म्हणणं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिने माझ्या कार्यक्रमात रस घेतला होता, म्हणून मीही खुशीत. पण लोणावळ्याचा शनिवार! निम्मी मुंबई हवा खायला निघालेली आणि उरलेली निम्मी गाडी वळवत होती. परतताना वलवणपाशी जे अडकलो, ते अडकलोच. संध्याकाळ व्हायला आली तरी गाडी रांगत होती. तेवढ्यात गेटवरून निवृत्तीचा फोन आला. निवृत्ती आमचा वॉचमन, निंबळवाडीचाच.

“सायेब, वाडी आली.”

“आली का? वा वा! किती जण आहेत?”

“वाडी.”

“अरे, पण माणसं किती?”

“सायेब, वाडी म्हंतोय न्हवं का मी! मागं फकस्त कुत्री ऱ्हायल्यात.”

प्रमोदिनीने माझ्याकडे पाहिलं. मी पुढच्या गाडीच्या नंबरप्लेटकडे पाहू लागलो. “अहो, तुम्ही त्यांना नक्की काय म्हणालात?”

“चूलबंद म्हणालो. बोलायची पद्धत असते गं.”

“पद्धत आपली! त्यांच्यात खरंच चूल बंद ठेवतात!” ती ओरडली. शेजारच्या गाडीतल्या माणसाने घाबरून काच वर केली.

इतक्यात माझा फोन थरथरायला लागला. आमच्या गेटला ॲप आहे. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याची नोंद होते आणि यजमानाने ‘मंजूर’ म्हटल्याशिवाय दांडी वर जात नाही. राजेश्वरी मॅडमनी आणलेली सुधारणा. आता सगळी वाडी पाहुणी माझीच. धोंडाबाई आल्या आहेत, मंजूर की नामंजूर? मंजूर. भिकाजी आले आहेत. मंजूर. निवृत्ती स्वतःच्या सख्ख्या चुलतीला विचारत होता, “कोणत्या फ्लॅटला जायचंय?” आणि ती त्याला “मुडद्या, सकाळी माज्याच हातचा च्या पिऊन गेलास की!” म्हणत होती, हे मला फोनवर ऐकू येत होतं. मी मंजूर, मंजूर, मंजूर करत सुटलो. त्या घाईत अंगठा एकदा नको तिथे पडला आणि एक नामंजूर झाला. तो नेमका दत्तोबांचा जावई निघाला.

जावई! चाकणहून खास आलेला. गेटवर अख्ख्या गावादेखत यंत्राने त्याला नामंजूर केलं. आम्ही पोचलो तेव्हा तो कडेच्या कुंडीवर पाठ करून बसला होता आणि चार माणसं त्याची समजूत घालत होती. मी पुढे होऊन म्हटलं, “पाहुणे, चूक अंगठ्याची आहे, माझी नाही.” त्यावर तो आणखी वळला. शेवटी प्रमोदिनीने चिक्कीचा अख्खा खोका त्याच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, “जावईबापू, पहिल्या पाटावर तुम्हीच. तुम्ही उठला नाहीत तर कुणाच्याच पुढे पान मांडायचं नाही मी.” तो उठला. पण ‘पान’ हा शब्द माझ्या कानात अडकला. पान कसलं मांडतेय ही? पानावर वाढायचं काय?

आत बघतो तर टेनिस कोर्टवर निंबळवाडी बसलेली. ओळीने, मांडी घालून, बायका एकीकडे, बाप्ये एकीकडे, म्हातारी पुढे, पोरं मागे. चपला कोर्टाबाहेर नीट जोडीने लावलेल्या. आमचे मेंबर बूट घालून खेळतात, ते कोर्ट मी इतकं स्वच्छ कधी पाहिलं नव्हतं. क्लबहाऊसच्या टेबलावर साठ माणसांचा ढोकळा माझ्याकडे बघत होता. राजेश्वरी मॅडम धावत आल्या. “गंगाधरराव, कोर्ट सिंथेटिक आहे! त्यावर खाद्यपदार्थांना मनाई आहे!”

“त्याची काळजी नको,” मी म्हटलं, “खाद्यपदार्थ नाहीतच.”

त्या क्षणी मला खरंच वाटलं की धरणी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं. पण खाली दोन मजली पार्किंग. धरणी लागणार कुठे?

सरुबाई उठून आमच्यापाशी आल्या. त्यांनी ढोकळा पाहिला, माझं तोंड पाहिलं, आणि काय समजायचं ते समजल्या. पण तसं दाखवतील तर शपथ. प्रमोदिनीच्या कानाशी लागून म्हणाल्या, “ताई, चूल कुटं हाय तुमची?”

चूल! क्लबहाऊसमध्ये एक मायक्रोवेव्ह आहे आणि तोही बंद. प्रमोदिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. “मावशी, आमची फार लाज गेली हो,” ती म्हणाली.

“कशाची जातीया लाज? द्येवळाची भांडी हायती, गावजेवनाची. मानसं आत्ता घिऊन येतील. भांडी आमची, पीठ तुमचं. आवतान तुमचंच ऱ्हाईल.”

प्रमोदिनीने डोळे पुसले, पदर खोचला आणि सोसायटीच्या ग्रुपवर हुकूम सोडला: ‘प्रत्येक घराने पातेलंभर पिठलं आणि कुकरभर भात घेऊन टेनिस कोर्टवर यावे. कारण विचारू नये.’ आमच्या ग्रुपवर एरवी फुलांचे फोटो आणि पाण्याच्या टँकरची भांडणं. त्यामुळे पहिली काही मिनिटं कुणी उत्तरच देईना. एकाने नुसता अंगठा पाठवला. मग ती सरुबाईंना घेऊन लिफ्टमध्ये शिरली आणि दारं वाजवायला लागली. संदेशाकडे दुर्लक्ष करता येतं हो, पण दारात नऊवारीतली पाहुणी उभी असताना ‘आमच्याकडे बेसन नाही’ म्हणायची छाती कुणाची होणार?

ज्या दारांवर चार वर्षं फक्त डिलिव्हरीवाल्यांनी बेल वाजवली होती, ती धडाधड उघडली. नवव्या मजल्यावर सोलापूरची तीन घरं निघाली. इतके दिवस ती एकमेकांना लिफ्टमध्ये इंग्रजीतून ‘हाय’ म्हणत होती! सार्थकने आयुष्यात प्रथमच गॅस पेटवला आणि आईला फोन लावून पिठल्याच्या गुठळ्या कशा मोडतात ते विचारत बसला. निवृत्तीने मागच्या फाटकाचं कुलूप काढलं. किल्ली सापडेना म्हणून दगडाने काढलं. तिथून देवळाची ती भलीथोरली कढई दोन बांबूंवर झुलत आत आली.

आणि मग पातेली यायला लागली. ती सगळी एकाच कढईत ओतायची असं ठरलं, नाहीतर एका पानावर एक चव आणि दुसऱ्यावर दुसरी, भांडणं व्हायची. तर त्या कढईत काय काय गेलं ते ऐका. नागपूरकरांचं लाल तिखट झणझणीत पिठलं. शहांचं बिनकांद्यालसणाचं. सातव्या मजल्यावरच्या बंगाली बाईंनी चिमूटभर म्हणून घातलेली बरीच साखर. कुणाचं ताकातलं, कुणाचं कुळथाचं. केरळच्या एका कुटुंबाने तर खोबरेल तेलात फोडणी दिलेली. मी डोळे मिटून घेतले. सरुबाईंनी मूठभर मीठ टाकलं, कढई हलवली आणि चव घेतली.

“कसं झालंय?” प्रमोदिनीने भीत भीत विचारलं.

“असलं कुटंच खाल्लं न्हाई, ताई,” त्या म्हणाल्या. मग पुन्हा चमचा बुडवला. “पर ग्वाड लागतंय.”

पंगत बसली. पडद्याचं कापड भात ओतायला घेतलं, त्यामुळे माझी चाळीस चित्रं जागच्या जागी राहिली. सरुबाईंनी राजेश्वरी मॅडमच्या हातात पळी दिली. “तुमी हितल्या मोट्या, तुमी वाडा.” मॅडमनी वाढलं, आणि तेही नियमानुसार! एकही पान सुटलं नाही, एकालाही रांग मोडून मिळालं नाही. वाढता वाढता त्यांचा अंबाडा सुटला आणि तो त्यांनी तसाच राहू दिला. आधी वाडी जेवली, वाढायला आमचे लोक. मग आमचे लोक बसले आणि वाढायला वाडी. जावईबापूंनी तीनदा पिठलं मागून घेतलं. दत्तोबा म्हणाले, “सायेब, बोला की दोन शब्द.” मी उठलो, घसा साफ केला, आणि “मित्रहो, अस्मिता म्हणजे,” एवढं म्हणतोय तोच शेवटच्या ओळीतून आवाज आला, “हिकडं भात!” अस्मिता तिथेच राहिली. मी भात घेऊन गेलो.

झालं ते छान झालं, असं तुम्ही म्हणाल. तुमचं काय जातंय? दोन दिवसांनी माझ्या हातात सोसायटीची नोटीस पडली. विनापरवाना समारंभ, कोर्टवर हळदीचे डाग, फाटकाचं कुलूप, सगळ्याचा खुलासा मागवला होता. खाली राजेश्वरी मॅडमची सही आणि सहीखाली पेनने, ‘सरुबाईंचा नंबर पाठवणे.’ तेही मी सोसलं. पण त्याच आठवड्यात वडगावला उतरून रिक्षात बसलो आणि म्हटलं, टोलेडो ग्रीन्स. रिक्षावाला म्हणाला, “म्हंजी पिठल्याची सोसायटी व्हय? तसं सांगा की!” सहकाऱ्यांनी ज्याच्या भाषणांना टाळ्या वाजवल्या, त्या माणसाने जागेला अस्मिता द्यायला जावं आणि जागेचं नाव पिठलं पडावं? मेहुण्याला हे कळलं तर? त्याच्या ओट्यावरच्या हसण्यापेक्षाही हे वाईट होतं.

घरात शिरलो तर कोचावर दत्तोबा आणि सरुबाई. चैत्रातल्या यात्रेचं आवतण द्यायला आलेले. अख्ख्या टोलेडोला, अठरा टॉवरना. प्रमोदिनी त्यांच्याबरोबर एवढी हसत होती की मी आल्याचं तिला कळलंही नाही. यंदा पालखी मागच्या फाटकातून आपल्या आवारात येणार होती आणि आवारातला पहिला नारळ तिच्या हातून फुटणार होता. मला पाहून दत्तोबा उठले आणि सरुबाईंना म्हणाले, “ताईंचे मालक आले.” मला वाटलं, यापेक्षा बनेल बरा होता.

ते गेल्यावर मी बूटसुद्धा न काढता म्हटलं, “प्रमोदिनी, तुझंच खरं. जिंकलीस तू. लाव ब्रोकरला फोन. पुण्याला जाऊ या. मला इथे तोंड दाखवायला जागा राहिली नाही.”

ती खुर्चीवर चढून माळ्यावरची मोठी पातेली काढत होती. थांबलीही नाही.

“तुम्ही जा,” ती म्हणाली. “खरंच जा. मला वेळ नाही. यात्रेला मात्र या हं. पाहुण्यांना आम्ही पहिल्या पंगतीला बसवतो.”

मी बूट काढले. मग तिच्या हातातलं पातेलं खाली घेतलं, मग दुसरं घेतलं. आणि ब्रोकरला मीच फोन लावून सांगितलं की फ्लॅट विकायचा नाही.

“का हो, काय झालं?” त्याने विचारलं.

“गावची यात्रा आहे.”

“कुठल्या गावची?”

“आमच्या,” म्हटलं, आणि फोन ठेवून दिला.